बिनखिळ्याची चप्पल

मी चपला केल्या. जुन्नरच्या बाहेर, लेण्याद्रीच्या रस्त्याला एका लहानशा ख्रिस्ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून, तीस वर्षांहून जास्त काळ. काय करता असं कुणी विचारलं की मी 'दवाखान्यात आहे' एवढंच सांगत असे. समोरचा मला कंपाउंडर समजायचा आणि मीही त्याची समजूत मोडायला जात नसे. आता निवृत्त झालो आहे, तेव्हा खरं काय ते लिहायला हरकत नाही.

दवाखाना कुष्ठरोगाचा होता. आमच्याकडे त्याला रक्तपिती म्हणतात. लोकांना वाटतं, या रोगानं बोटं झडतात. तशी ती झडत नाहीत. रोग नसांमध्ये शिरतो आणि हातापायांची जाणीव घेऊन जातो. मग माणूस काट्यावर पाय देतो आणि चालत राहतो. तळव्याखाली निखारा येतो आणि त्याला ते वासावरून कळतं. जखम दुखत नाही म्हणून तिच्यावरच चालणं सुरू राहतं, ती हाडापर्यंत जाते, आणि बोटं जातात ती अशी. औषध नीट घेतलं की रोग बरा होतो, तो दुसऱ्याला लागण्याची भीतीही उरत नाही. पण गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही. बरा झालेला माणूस पुढचं सगळं आयुष्य त्या मुक्या पायांवर काढतो. माझं काम तिथून पुढे सुरू व्हायचं.

आमची चप्पल दिसायला साधी. तळाला खाली टणक रबर, वर बोटानं दाबलं तर दबेल असं मऊ रबर. टाचेमागे पट्टा हवाच, कारण पायातली चप्पल निसटली तरी या माणसाला कळत नाही, तो तसाच मैलभर चालतो. पायाचा ठसा कागदावर घ्यायचा, कुठे भार जास्त पडतो ते बघायचं आणि तिथलं रबर कोरून खोलगट करायचं. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे कुठेही खिळा नाही, रिंग नाही, धातूचा तुकडाही नाही. सगळं सोल्युशननं चिकटवायचं आणि दोऱ्यानं शिवायचं. तुमच्या-माझ्या चपलेत खिळा वर आला तर आपण दुसऱ्याच पावलाला थांबतो. तो माणूस संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

या कामात मी आलो तो बारावीत दोनदा नापास होऊन. आम्ही मूळचे नगरकडचे. माझ्या आजोबांच्या हातात आरी होती. ते गावाच्या वहाणा शिवायचे, पण गावातल्या कुणाच्या ओट्यावर बसायची त्यांना मुभा नव्हती. ते ख्रिस्ती झाले, त्यांनी बाबांना मिशनच्या शाळेत घातलं आणि बाबा शिक्षक झाले. पांढरा सदरा, खिशाला पेन. आजोबांच्या मागे त्यांची आरी बाबांनी विहिरीत टाकली, असं आई सांगायची. माझ्या हाती त्यांना पेनच हवं होतं. नापास झाल्यावर चर्चच्या ओळखीच्या पाळकसाहेबांनी मला या दवाखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटवलं, तेव्हा बाबांना जरा बरं वाटलं. रजिस्टर म्हणजे पेन आलंच.

स्टोअरच्या शेजारी चपलांची खोली होती. तिथे योहानमामा बसायचे. ते स्वतः या रोगातून बरे झालेले. बोटं आखडून गेलेली, म्हणून आरी मनगटाला पट्ट्यानं बांधून शिवायचे. एके दिवशी त्यांच्या तळहाताला फोड आला होता आणि त्याच दिवशी एक म्हातारा मेंढपाळ चपलेसाठी येऊन बसला होता. दुपारची एसटी गेली तर त्याला दुसरी नव्हती. मामांनी मला हाक मारली. म्हणाले, "मी सांगतो तसं शिव."

मी शिवली. म्हातारा ती घालून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि फरशीकडे बघत परत आला. पुन्हा गेला, पुन्हा बघत आला. मी मामांना विचारलं, "यांना तळव्याला काही कळत नाही ना? मग दोनदा चालून काय बघतात?"

मामा म्हणाले, "फरशी बघतोय. इतकी वर्सं तो चालला की मागं रगताचा डाग पडायचा. आज न्हाई पडला."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देताना लोक सांगतात, मला स्वप्न पडलं, मला आवाज आला. देवानं मला हाक मारल्याचं मी काही ऐकलेलं नाही. त्या फरशीवर डाग नव्हता आणि दुसऱ्या दिवशी मी स्टोअरची किल्ली परत देण्याचा अर्ज केला, एवढीच माझी साक्ष. हे काम आपल्यासाठी ठेवलेलं होतं, अशी माझी तेव्हापासून खात्री आहे. ती मला कुणाला पटवून देता आलेली नाही. बाबांना तर मुळीच नाही.

त्यांना मी पत्रानं कळवलं. उत्तर आईचं आलं. 'ते जेवताना बोलत नाहीत,' एवढंच तिनं लिहिलं होतं. पुढे निवृत्त झाल्यावर बाबा आमच्याकडेच राहायला आले. माझ्या बायकोशी गप्पा मारायचे, शेजारच्या पोरांचं गणित घ्यायचे. पण घरापासून दहा मिनिटांवरच्या माझ्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. पाहुण्यांना सांगायचे, "दाविद दवाखान्यात असतो." ते वाक्य मी त्यांच्याकडूनच उचललं असणार.

गिऱ्हाईक म्हणावं अशी माणसं आमच्याकडे थोडी. त्यांतले एक राजुरीचे बागाईतदार. त्यांना आप्पा म्हणूया. जीप लांब उभी करून चालत यायचे आणि गुडघा दुखतो म्हणायचे. तळव्याला जखम, पण आमची चप्पल घालायला तयार नाहीत. म्हणाले, "भाऊ, तुमची चप्पल म्हंजे पाटीच की. बारा कोसांवरनं वळखू येती."

रागानं सांगितलं तरी खरंच होतं. आमच्या सगळ्या चपला एकाच काळ्या पट्ट्याच्या, सगळ्यांना ठाऊक झालेल्या. मी त्यांना बाजारातली त्यांच्या आवडीची सँडल घेऊन यायला सांगितलं. तिचा तळ उसवला, खिळे उपटले, आत आमचं मऊ रबर बसवलं आणि वरून चामड्याची कड अशी शिवली की दुकानदारालाही ओळखू येऊ नये. ती घालून आप्पांनी मुलाचं लग्न लावलं. महिन्यानं त्यांचा निरोप आला की व्याह्यांना सँडल फार आवडली आहे, तशीच एक करून द्या. व्याही धडधाकट. मी कळवलं, आधी जाणीव घालवून या, मग बघू. आप्पा पुढच्या खेपेला आले तेव्हा जीप दवाखान्याच्या दारात उभी होती. त्या दिवसापासून मी दोघांच्या चपला कधीच सारख्या केल्या नाहीत.

हे सगळं मी रुबाबात सांगतो, पण मला लिहायचंय ते चांगुणाबाईंबद्दल.

चांगुणाबाई तळेघरच्या वरच्या एका वाडीतल्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. त्या दीर बुधा आणि जाऊ यांच्या घरात राहायच्या. त्यांचा रोग बरा झालेला, पण दोन्ही पाय मुके. जखम घेऊन यायच्या, महिना-दीड महिना आमच्याकडे राहायच्या, जखम भरायची, मी चप्पल द्यायचो. आणि दर श्रावणात त्या तशीच जखम घेऊन परत यायच्या. अशी तीन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी मी बोललो त्यांना. "चांगुणाबाई, चप्पल घालत नाही ना तुम्ही? मग मी करतो तरी कशाला?"

त्यांनी चप्पल उचलली. जाताना म्हणाल्या, "भाऊ, येकदा आवनीला या. मंग बोला."

मी गेलो. जुन्नरहून घोडेगाव, तिथून दुसरी एसटी तळेघरला आणि पुढे दीड तास चढ. पाऊस लागलेला, भाताची आवणी चाललेली. भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखल आणि बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. चांगुणाबाई त्यांच्यात अनवाणी. माझी चप्पल बांधावर, कोरडी राहावी म्हणून पळसाच्या पानाखाली नीट झाकून ठेवलेली. त्या चिखलात ती चप्पल दोन पावलंही पायात राहिली नसती. टाचेचा पट्टा घट्ट केला असता तरी चिखलानं ओढून घेतली असती. मी तीन वर्षं एका शेतकरी बाईला डांबरी रस्त्याची चप्पल देत होतो.

बांधावर बसून मी म्हटलं, "आवणी सोडून द्या ना. बाकीची कामं करा."

"खाचरात उतरले न्हाई तर या घरात माझं ताट कोन वाढंल?" त्या हळूच म्हणाल्या. बुधाभाऊ पलीकडे उभा होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

बुधाभाऊला मी आवडत नव्हतो. त्यानं मला सरळच विचारलं, "तुमी ख्रिश्चन लोक येवढं चालत वर येता, ते पायासाठी का धरमासाठी?"

मी म्हटलं, "पायासाठी. धर्म माझा माझ्याजवळ आहे." ते त्याला पटल्यासारखं दिसलं नाही.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी चिखलात चालेल असा बूट करायचं ठरवलं. आमच्या कामात याचा काही नमुना नव्हता. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणून तिचा पोटरीपर्यंत मोजा कापला, तळाला रबर जोडलं, आत मऊ तळ घातला. बोटांच्या मुळापासून वरपर्यंत दोरीनं आवळायची सोय ठेवली. पण दोरी ओवायला भोक पाडलं की ओढताना ट्यूब फाटायची. कापड लावून बघितलं, ते भिजलं की सुटायचं. आवणी चार दिवसांवर आली होती. तेव्हा मी भोकांना पितळी रिंगा ठोकल्या.

मला नियम माहीत होता. मामा जाऊन सात वर्षं झाली होती, ते असते तर त्यांनी तो बूट माझ्या अंगावर फेकला असता. मी मनाशी म्हटलं, रिंगा बाहेरच्या बाजूला आहेत आणि आतून घासून गुळगुळीत केल्या आहेत. खरं म्हणजे सगळ्या रिंगा मी आत बोट घालून तपासल्या नव्हत्या. खालच्या दोन राहिल्या होत्या.

चांगुणाबाई त्या बुटावर सहा दिवस खाचरात उभ्या राहिल्या. सातव्या दिवशी त्यांना डोलीत घालून खाली आणलं. ताप, पाय मांडीपर्यंत सुजलेला. आमच्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला हलवलं. तिथे पायाची शेवटची दोन बोटं आणि मागचा हाडाचा तुकडा काढावा लागला. पाय वाचला, असंच तिथले डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या बोचक्यातून तो बूट माझ्याकडे आला. मी तो धुतला आणि आत बोट घातलं. सर्वांत खालच्या रिंगेची कड वळून आत आली होती. करंगळीच्या मुळाशी बरोबर. माझं बोट कापलं आणि मला ते लगेच कळलं.

डॉक्टरांनी कागदावर 'दगडामुळे इजा' असं लिहिलं होतं, कारण चांगुणाबाईंनी तसं सांगितलं होतं. मी बूट मागच्या खड्ड्यात जाळला आणि गप्प बसलो. आठवड्यानं डॉक्टरांना म्हटलं, डोळ्यांना बारीक दिसत नाही, मला परत स्टोअरला घ्या. त्यांनी घेतलं. चपला बाहेरून तयार आणायला सुरुवात झाली. जवळजवळ आठ महिने मी आरीला हात लावला नाही. घरी हे कुणालाच सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन जायचो, संध्याकाळी यायचो.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी, आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. पकडले जाण्याच्या आधी प्रभूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. आमची मंडळी लहान, चाळीसएक माणसं. बारा जण खुर्च्यांवर बसतात आणि पाळक त्यांचे पाय धुतात. त्या वर्षी पाळकांची कंबर धरली होती, खाली बसवेना. त्यांनी मला खूण केली. "दाविद, तू ये."

मी उठणार, तोच पुढच्या बाकावरून बाबा म्हणाले, "त्याला राहू द्या. तो वर्षभर हेच करतो. आज मी करतो."

बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, खिशातलं पेन काढून बाकावर ठेवलं आणि गुडघे टेकून खाली बसले. बारा माणसांचे चोवीस पाय. पाणी सांडत होतं. प्रत्येक पाय ते टॉवेलनं बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसत होते, शाळेत पोरांच्या पाट्या तपासत तितक्याच लक्षपूर्वक. मला माझ्या जागी बसवेना.

घरी जाताना ते वाटेत म्हणाले, "त्या पाटोळ्याच्या टाचांना केवढ्या भेगा आहेत. तुम्ही लोक काय लावता त्याला?"

"अर्धा तास पाण्यात भिजवायचे, घासायचे, मग खोबरेल." आणि मग मी थांबलो. रस्त्यातच त्यांना सगळं सांगितलं. रिंग, बोटं, जाळलेला बूट, आठ महिने.

बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? पाय माझा नव्हता."

ईस्टर झाल्यावर मी तळेघरला गेलो. चांगुणाबाई अंगणात नाचणी पाखडत बसल्या होत्या. बुधाभाऊ पडवीत होता. मी बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. दगड लागला नव्हता, माझ्या बुटातली रिंग लागली होती, मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बुधाभाऊ उठून आला. "आनि डागदर म्हनला धोंडा लागला! आमी बी तेच धरून बसलो. निघा तुमी. पुन्यांदा वर यायचं न्हाई."

चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या बुधाभाऊकडे बघत नव्हत्या. मला म्हणाल्या, "आठ म्हयनं मी सोताला बोल लावत्येय, भाऊ. तुमी सांगितलेलं, रोज पाय बघ. मला वाटलं मीच नीट बघितला न्हाई. माझ्याच हातानं घालवलं, आसं वाटायचं." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "आठ म्हयनं."

 बोटं माझ्या चुकीनं गेली होती. पण हे दुसरं मी चुकून केलेलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तो बूट कुटं हाय?"

"जाळला."

"जाळायचा न्हवता. आता नवा करताना कसं कळंल, कुटं चुकलं ते?"

मला आधी नीट कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "दोन म्हयन्यांवर आवनी आली. तुमच्या बुटात येक गोष्ट लई चांगली व्हती. चिखल त्याला वढत न्हवता. तेवढी ठेवा. बाकीचं बदला."

बुधाभाऊ म्हणाला, "वयनी, शानपन हाय का?"

"मंग तू वाढ माझं ताट बसल्या जागी," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं जे बोलायला त्या घाबरत होत्या, ते त्या दिवशी सहज बोलून गेल्या.  बुधाभाऊ म्हणाला, "मी कवा उपाशी ठिवलंय तुला?" पण आवाज उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते मला फार बोलले, आणि ते बरोबरच होतं. मग म्हणाले, खोलीची किल्ली घे. नव्या बुटाला मी रिंगांऐवजी नायलॉनच्या पट्टीचे फासे केले, ट्यूबच्या दोन थरांमध्ये शिवून. मे महिनाभर बादलीत चिखल कालवून, स्वतःच्या पायात घालून, अंगणात चालून बघितलं. शेजारी हसायचे. बाबा खुर्ची टाकून बघत बसायचे आणि शेवटी शेवटी 'डाव्या पायाचा फासा सैल आहे' असं सांगायलाही लागले. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. माझ्या कामाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. सैल फासा मात्र दरवेळी दाखवला.

आवणीला मी चार दिवस वाडीत जाऊन राहिलो. नियम केला, दुपारी खाचरातून बाहेर यायचं, बूट काढायचा, पाय धुवायचा आणि तळवा दुसऱ्या कुणी तरी बघायचा, कारण स्वतःचा तळवा नीट दिसत नाही. पहिले तीन दिवस मी बघितला. चौथ्या दिवशी मी बुधाभाऊला म्हटलं, "उद्या मी नाही. आज तू बघ."

 त्या घरात वहिनीचं ताट वेगळं होतं, तांब्या वेगळा होता. तिला कुणी हात लावत नसे, रोग बरा होऊन कितीतरी वर्षं झाली होती तरी. मग तो बांधावर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि वाकून बघितलं. "हाय की चांगला," म्हणाला. चांगुणाबाई दुसरीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या श्रावणात त्या आमच्याकडे आल्या नाहीत. नंतरच्याही नाहीत.

पुढे रोगी कमी होत गेले, ही चांगलीच गोष्ट. औषधं सरकारी दवाखान्यांत मिळू लागली आणि आमच्या दवाखान्याच्या खाटा रिकाम्या राहू लागल्या. मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षी दवाखाना बंद झाला. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. दाविदभाऊंनी ख्रिस्ती सेवेचा वारसा मागे ठेवला, असं कुणीसं म्हणालं. मी मनात म्हटलं, कुठे ठेवला? खोलीला कुलूप लागलं. माझ्या जागी बसायला कुणी आलं नव्हतं. मी दोन-तीन चर्मकार दुकानदारांना शिकायला या म्हणून सांगितलं होतं, त्यांनाही या चपलांशी नाव जोडून घ्यायचं नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या घरात तरी काय वेगळं होतं?

गेल्या वर्षी चांगुणाबाईंच्या पुतणीचा फोन आला. चुलतीनं बोलावलंय, गुरुवारी या, म्हणाली. मी गेलो. आता वाडीपर्यंत रस्ता झाला आहे, पण गाडी मिळतेच असं नाही. तळेघरहून मी चालतच वर गेलो.

पडवीत नऊ-दहा म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. तीन घमेल्यांत कोमट पाणी, त्यात पाय. त्यांतल्या दोघांना पूर्वी रक्तपिती होऊन गेलेली. बाकीच्यांना साखर. मधुमेहानंही पाय असेच मुके होतात, हे चांगुणाबाईंना तालुक्याच्या दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. बुधाभाऊला साखर निघाली आणि त्याच्या अंगठ्याला काटा मोडलेला तिसऱ्या दिवशी दिसला, तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं. तेव्हापासून दर गुरुवारी त्या ज्यांचे पाय मुके आहेत त्यांना बोलावतात, पाय धुतात, उलटेपालटे करून बघतात. काही दिसलं तर गाडीत घालून दवाखान्यात पाठवतात.

मी पायरीवर बूट काढले. नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी घेतलेले नवे बूट. चांगुणाबाई माझ्या पायांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मोजा काढा."

उजव्या मोज्याला टाचेपाशी ओला डाग होता. मोजा काढला तर फोड फुटून मांस उघडं पडलेलं. मला सहा वर्षांपासून साखर आहे. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की रोज पाय बघा. स्वतःचा एकदाही बघितला नव्हता. आणि त्या टाचेवर मी तळेघरपासून चढ चढून आलो होतो.

 त्यांनी एका म्हातारीला जरा सरकायला लावलं, मला बसवलं आणि स्वच्छ पाण्यानं जखम धुवायला घेतली. त्यांच्या हातांनाही फारसं कळत नाही, म्हणून पाणी कितपत कोमट आहे ते पुतणीनं आधी बघितलं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोन पावनं?"

"जुन्नरचे भाऊ," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्यांच्यात पाय धुवायचा गुरवार असतो, वर्सातनं येकदा. त्यांच्या देवानं सुरू केला. आपल्या पायांना येकदा पुरत न्हाई, म्हून आपन दर गुरवारी धरला."

ती गोष्ट मी त्यांना कधीतरी, खाचराच्या बांधावर, बाबांबद्दल बोलताना सांगितली असणार. उपदेश म्हणून सांगितली नव्हती, हे नक्की.

जखम बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फुडच्या गुरवारी येताना रबर घेऊन या. या समद्यांना चपला पायजेत."

"चांगुणाबाई, मी रिटायर झालो आता."

"तुमी झालात. पाय कुटं झाला?"

त्या दिवशी त्यांनी मला चालू दिलं नाही. एका पिकअपमध्ये बसवून घोडेगावला पोहोचवलं. माझी जखम भरायला सात आठवडे लागले. सगळे गुरुवार मी गेलो, आणि भरल्यावरही जातो आहे. पडवीच्या एका कोपऱ्यात आता रबर, सोल्युशन आणि दोन आऱ्या असतात. एक माझी आणि एक बुधाभाऊची. तो साठीच्या पुढे आहे, नजर बरी आहे, टाके वाकडे घालतो. परवा त्यानं पहिली जोडी एकट्यानं पुरी केली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

मी एक पट्टा उसवून परत शिवायला लावला. तो म्हणाला, "लई कडक बुवा तुमी. वरनं तर झ्याक दिसतंय."

मी ती चप्पल त्याच्याच हातात दिली आणि म्हटलं, "डोळे मीट. आतून बोट फिरव. सगळीकडे."

त्यानं डोळे मिटले आणि टाचेपासून सुरुवात केली.